ऑनलाइन शूटर खेळात नवा नियम कसा आणावा

नागपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून किंवा निव्वळ हौसेने खेळ तयार करू पाहणाऱ्या गटाला काय करता आहात असे विचारले, तर पुष्कळदा ऑनलाइन फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी पाहत खेळायचा बंदुकीचा खेळ, हेच उत्तर मिळते. त्यात वेगळे काय, असे विचारले की नकाशांची नावे येतात: सीताबर्डीचा किल्ला, इतवारीतल्या गल्ल्या, फुटाळ्याचा काठ, मेट्रोचे इंटरचेंज स्थानक. बंदुका, फेऱ्या आणि जिंकण्याची रीत मात्र तीच राहते, जी ही मुले शाळेपासून फोनवर खेळत आली आहेत. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये जी लढाई झाली तिच्यावर उत्तम नकाशा होऊ शकतो, याबद्दल वाद नाही. पण त्या टेकड्यांवर बॉम्ब ठेवणे आणि तो निकामी करणे एवढेच खेळाडूला करायचे असेल, तर खेळ जुनाच राहतो आणि फक्त त्याचा पडदा बदलतो. खेळाचा नियम बदलू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. वाचणाऱ्याला थोडेफार प्रोग्रामिंग येते, सोबत चारपाच जण आहेत, हाती काही महिने आहेत आणि पैसा जवळपास नाही, असे येथे गृहीत धरले आहे.

खेळ कुठे अडला ते आधी पाहावे

या प्रकारातील नवेपणा कोठून आला हे तपासल्याशिवाय तो कसा आणावा हे कळत नाही. १९९३ च्या डूममध्ये जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर चार जण एकमेकांविरुद्ध खेळू शकत होते. १९९६ मध्ये क्वेक आला, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत जे महत्त्वाचे बदल झाले त्यांतील बरेचसे मोठ्या कंपन्यांच्या दालनांत झालेले नाहीत. ते खेळाडूंनी केलेल्या मॉडमधून, म्हणजे तयार खेळात फेरफार करून काढलेल्या आवृत्त्यांतून आले. टीम फोर्ट्रेस हा १९९६ चा क्वेकवरील मॉड होता. एकाच संघात प्रत्येकाचे काम निराळे असावे, ही कल्पना त्याने रुजवली. १९९९ मध्ये हाफ-लाइफवर आलेल्या काउंटर-स्ट्राइक या मॉडने मेलेल्या खेळाडूला फेरी संपेपर्यंत बाहेर बसवले आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी शस्त्रांसाठी पैशांचा हिशेब करायला लावला. २००२ च्या नॅचरल सिलेक्शनमध्ये संघातील एक जण वरून नकाशा पाहणारा सेनापती झाला. शेवटी उरेल तो जिंकतो अशा ज्या प्रकाराला पुढे आपण बॅटल रॉयल म्हणू लागलो, त्याची वाटही आर्मा या खेळावरील डेझी मॉडच्या एका बदललेल्या रूपातून २०१३ मध्ये निघाली आणि २०१७ च्या पबजीपर्यंत पोहोचली.

कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ च्या हेलोने शस्त्रे दोनवर आणली आणि आपोआप भरून येणारे कवच दिले. २००४ च्या हेलो २ ने समान ताकदीच्या अनोळखी खेळाडूंची गाठ घालून देणारी व्यवस्था घडवली. २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ ने प्रत्येक सामन्यातून गुण, गुणांतून दर्जा आणि दर्जातून नवी शस्त्रे अशी शिडी उभी केली. माझ्या मते ही शिडीच पुढे ओझे ठरली, कारण सामना पुन्हा खेळावासा वाटण्याचे कारण सामन्याबाहेर गेले. सामना कंटाळवाणा असला तरी शिडीची पुढची पायरी खुणावते, आणि म्हणून सामन्याचा नियम बदलण्याची कोणाला निकड उरली नाही. २०२० चा व्हॅलोरंट कारागिरीच्या दृष्टीने फार नेटका आहे, त्याचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतात. तरी पाच विरुद्ध पाच, फेरीआधी खरेदी आणि ठरावीक जागी स्फोटके लावणे हा त्याचा सांगाडा काउंटर-स्ट्राइकचाच आहे.

अपवाद मोजके असले तरी ठळक आहेत. २०१५ च्या रेनबो सिक्स सीजमध्ये भिंत हा प्रश्न झाला, कारण ती फोडता येते आणि मजबूतही करता येते. २०१९ च्या एपेक्स लेजेंड्सने खुणेची अशी पद्धत आणली की एक शब्द न बोलता अनोळखी माणसांशी संगनमत करता येते. २०२३ च्या द फायनल्समध्ये इमारत कोसळण्याचे गणित सर्व्हरवर होते, त्यामुळे सर्वांना एकच ढिगारा दिसतो. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीचे आहे. त्यांच्या २०२४ च्या इंडसमध्ये शेवटपर्यंत जिवंत राहणे हा जिंकण्याचा एकमेव मार्ग ठेवलेला नाही. कॉस्मियम नावाचे खेळातील मौल्यवान द्रव्य ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. सजावटीपेक्षा मला त्यातील हा एक नियम अधिक मोलाचा वाटतो.

मग इतरांचे हात का बांधले जातात? पहिले कारण खेळाडूच्या हातात आहे. हजारो तास घालवून कमावलेला नेम नव्या खेळात निरुपयोगी ठरणार असेल, तर तो खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात परत जातो. दुसरे कारण लॉबीचे, म्हणजे सामन्यासाठी खेळाडू जमतात त्या जागेचे आहे. ऑनलाइन खेळाला एकाच वेळी पुरेसे लोक लागतात आणि ते नसले की उरलेलेही निघून जातात. ऑगस्ट २०१७ चा लॉब्रेकर्स सप्टेंबर २०१८ मध्ये बंद झाला. काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले. इतका पैसा बुडण्याची भीती असताना ओळखीच्या वाटेने जाणे हे व्यवस्थापकाच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. आपल्यापाशी बुडण्यासारखे काही नसणे, हेच छोट्या गटाचे खरे भांडवल आहे, आणि ते ओळखीच्या खेळाची नक्कल करण्यात घालवू नये.

न घेतलेल्या निर्णयांची यादी

कामाची सुरुवात संगणकावर करू नये. मोठा कागद घ्यावा आणि आपल्या डोक्यात असलेल्या खेळातील असा प्रत्येक निर्णय लिहावा जो आपण घेतलेलाच नाही, फक्त आपल्याकडे चालत आलेला आहे. खेळाडूला समोरचा दिसतो. मेल्यावर तो परत येतो किंवा येत नाही. दोन्ही बाजूंना सारख्याच बंदुका असतात. सगळे एकाच वेळी खेळतात. डोक्यावर गोळी लागली तर जास्त इजा होते. गोळ्या संपतात आणि पुन्हा भरता येतात. खेळाडू मैदानात कुठेही जाऊ शकतो. कोणालाही मारले तरी चालते. यादी पन्नासच्या खाली थांबली तर ती अजून पुरी झालेली नाही असे समजावे. विशेषतः इतक्या उघड वाटणाऱ्या गोष्टी लिहाव्यात की गटातील कोणीतरी हसेल.

मग प्रत्येक ओळीपुढे ती उलटी केल्यास काय होईल ते लिहावे. हे काम पोरखेळ वाटते, पण यातूनच खरे खेळ निघाले आहेत. समोरचा दिसतो, ही ओळ २०१४ च्या स्क्रीनचीटने उलटवली: त्यात सगळे खेळाडू अदृश्य असतात आणि प्रतिस्पर्धी कुठे आहे हे सर्वांत वाटून दिलेल्या एकाच पडद्यातील त्याच्या भागात डोकावून ओळखावे लागते. आधीच्या काळात ज्याला लबाडी म्हणत, तोच खेळ झाला. वेळ आपोआप पुढे जाते, ही ओळ सुपरहॉटने उलटवली. त्यात तुम्ही हललात तरच काळ वेगाने हलतो. हा खेळ एकट्याने खेळण्याचा आहे हे खरे, पण त्याचा जन्म २०१३ मध्ये सात दिवसांत शूटर तयार करण्याच्या एका उपक्रमात झाला, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कोणालाही मारले तरी चालते, ही ओळ २००६ च्या द शिपने खोडली: प्रत्येकाला एकच सावज नेमून दिलेले असते आणि त्याच वेळी दुसरा कोणीतरी तुमच्या मागावर असतो. सगळे एकाच वेळी खेळतात, ही ओळ २०२१ च्या लेमनिस गेटने पाळीपाळीने खेळायला लावून मोडली.

उलटवलेल्या ओळींतून एकच निवडावी. दोन नव्या कल्पना एका खेळात घातल्या की बिघाड कोणत्या कल्पनेमुळे झाला ते कळत नाही, आणि खेळाडूलाही एका वेळी एकच नवी गोष्ट पचते. निवडीची कसोटी साधी ठेवावी. हा नियम लागू केल्यावर खेळाडू दर दहा सेकंदांनी जो निर्णय घेतो तो बदलतो का? नवी बंदूक, नवा पोशाख किंवा नवी खास शक्ती दिल्याने तो सहसा बदलत नाही; कोपऱ्यातून डोकावायचे की थांबायचे, हाच निर्णय राहतो.

एक नियम शेवटपर्यंत नेऊन पाहू

नियम शोधायला परदेशी खेळ चाळण्यापेक्षा आपल्या मैदानाकडे पाहावे, कारण तेथील नियम पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेले असतात. विदर्भात आट्यापाट्या अजून खेळला जातो. त्याची घडण थोडक्यात अशी: मैदानावर आडव्या पाट्या आखलेल्या असतात आणि मधून उभी सूरपाटी जाते, रक्षकाने आपल्या पाटीवरच इकडून तिकडे सरकायचे, आणि चढाई करणाऱ्याने हुलकावणी देऊन एकेक पाटी ओलांडायची. आपल्या यादीतील खेळाडू मैदानात कुठेही जाऊ शकतो, ही ओळ या खेळाने कधीच खोडलेली आहे. ऑनलाइन शूटरमध्ये हे बंधन क्वचितच कोणी हाताळले आहे, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

पहिली मांडणी अशी करता येईल. चार रक्षक आणि चार चढाईवाले असावेत. रक्षकांपैकी तिघे आडव्या पाट्यांवर आणि एक सूरपाटीवर राहील. रक्षकाची बंदूक त्याचे पाय पाटीवर असतील तेव्हाच चालेल. चढाईवाल्यांकडे बंदूक नसेल. त्यांच्याकडे धूर, आवाज आणि स्वतःचे शरीर असेल. डाव संपला की बाजू बदलतील.

कागदावर हे सुटसुटीत दिसते, पण लगेच तीन अडचणी उभ्या राहतात. बंदुकीला दूरचे दिसते, त्यामुळे शेवटच्या पाटीवरचा रक्षक पहिल्याच पाटीजवळच्या माणसाला टिपेल आणि पाटीला काही अर्थ राहणार नाही. यावर बंदुकीचा पल्ला कमी करता येतो किंवा दोन पाट्यांच्या मधल्या पट्ट्यात अशा भिंती उभारता येतात की पुढच्या पट्ट्यापलीकडे दिसूच नये. मी दुसरा उपाय निवडेन. पल्ला किती हे खेळाडूला सांगावे लागते, भिंत मात्र कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. दुसरी अडचण म्हणजे चढाईवाले पाटीमागे वाट पाहत बसतील. त्यासाठी डावाला घड्याळ हवे, आणि ते कडक हवे. तिसरी अडचण सर्वांत मनोरंजक आहे. सूरपाटीवरच्या रक्षकाला चढाईवाल्यांची पाठ दिसते, त्यामुळे तो एकटाच डाव संपवील. त्याची ताकद कमी करण्याचे दहा किचकट मार्ग सुचतील, पण त्याच्याकडून बंदूक काढून घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मग त्याने फक्त पाहायचे आणि साथीदारांना खुणा करायच्या. शूटर खेळात ज्याच्या हाती शस्त्र नाही असा माणूस संघाचा कणा होतो, आणि येथे नव्या नियमाने स्वतःचे पहिले नवे पात्र जन्माला घातलेले असते.

याच टप्प्यावर वजाबाकी सुरू करावी. बहुतेक गट नियम बदलतात आणि जुने सगळे तसेच ठेवतात. माझ्या पाहण्यात नवेपणा मरतो तो बहुधा येथेच. पाटीच्या खेळात डोक्याचा नेम वेगळा मोजायची गरज नाही, शस्त्रांचे दुकान नको, गोळ्या भरणे नको, किती मारले याचा आकडाही नको, कारण येथे मोजायचे ते पाट्या किती ओलांडल्या हे. गटातील कोणीतरी म्हणेल की हेडशॉट नसेल तर लोक खेळणार नाहीत. त्याचे म्हणणे लिहून ठेवावे, चाचणीत पाहावे, पण आधीच घाबरून ती गोष्ट ठेवू नये.

हुलकावणीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. बहुतेक शूटरमध्ये खेळाडूचे शरीर कळ दाबताच जवळपास पूर्ण वेगाने सरकते आणि कळ सोडताच थांबते, त्यामुळे हुल देता येत नाही. समोरच्याला तुमचा इरादा वाचायला वेळच मिळत नाही. मैदानात माणूस वळण्याआधी खांदा झुकवतो आणि वजन एका पायावर टाकतो. पाटीच्या खेळात चढाईवाल्याला थोडे जडत्व द्यावे, आणि दिशा बदलण्याच्या काही क्षण आधी त्याचा देह त्या बाजूला कलावा, तसेच खेळाडूला खोटाही कल दाखवता यावा अशी रचना करावी. याचा एक छुपा फायदा पुढे नेटवर्कच्या भागात दिसेल.

आधी मैदानात, मग संगणकावर

असा नियम संगणकावर नेण्याआधी माणसांवर करून पाहता येतो. कॉलेजच्या मैदानावर फक्कीने रेषा आखाव्यात, भिंतींच्या जागी चादरी लावलेले बांबू उभे करावेत, आणि रक्षकांच्या हाती बंदुकीऐवजी मोबाइलचा टॉर्च द्यावा; छातीवर प्रकाश पडला की चढाईवाला बाद. काळोख पडायला लागला की हे चांगले जमते. एप्रिल-मेमध्ये नागपुरात हे टाळावे. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना सूर्य मावळला तरी मैदान तापलेलेच असते, आणि थकलेला माणूस खेळावर मत देत नाही, उन्हावर देतो. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. बोलावलेल्यांना नंतर तर्री-पोहे खाऊ घालण्याची तयारी ठेवावी, एवढा खर्च या पूर्ण प्रकल्पात अनिवार्य आहे.

मैदानात जे निभावले नाही ते संगणकावर क्वचितच निभावते. मात्र मैदानात जमले म्हणून संगणकावर जमेलच असेही नाही, कारण तेथे कान, डोळ्यांच्या कडा आणि पायांखालची जमीन या तिन्ही गोष्टी हरवतात.

संगणकावरचा पहिला नमुना दोन मार्गांनी होऊ शकतो. झोनोटिक हा मुक्त परवान्याचा, क्वेकच्या वंशातील इंजिनावर चालणारा ऑनलाइन शूटर आहे. त्यात नियम बदलणारे छोटे भाग जोडण्याची सोय आधीपासून आहे, म्हणून नेटवर्क, हालचाल आणि सर्व्हर आयते मिळतात आणि फक्त आपला नियम लिहावा लागतो. जुन्या मॉडकर्त्यांनी हेच केले होते. दुसरा मार्ग गोडॉट या मुक्त इंजिनाचा. त्यात कॅरेक्टरबॉडी३डी या नोडवर खेळाडू उभा करता येतो आणि मल्टिप्लेअरसिंक्रोनायझर वापरून स्थिती इतरांपर्यंत नेता येते. हालचालीतील जडत्व आपल्या मनाप्रमाणे हवे असल्याने पाटीच्या खेळासाठी मी गोडॉट घेईन. केवळ जिंकण्याची अट बदलायची असती तर झोनोटिक घेतले असते. क्वेकचा मूळ प्रोग्राम १९९९ पासून मुक्त आहे, परंतु त्याची चित्रे, आवाज आणि नकाशे मुक्त नाहीत, हे लक्षात ठेवावे. नमुन्यात करड्या ठोकळ्यांपलीकडे काहीही काढू नये. बंदुकीचे सुंदर मॉडेल पहिल्या महिन्यात तयार झाले की गट त्या बंदुकीच्या प्रेमात पडतो आणि मग तिला काढून टाकणारा नियम कोणी मान्य करत नाही.

अंतर, विलंब आणि पाटी ओलांडल्याचा निवाडा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच जाळ्यावर सगळे छान चालते आणि त्यामुळे फसगत होते. सर्व्हर मुंबईत ठेवला तर नागपूरपासून रस्त्याने आठशेच्या आसपास किलोमीटरचे अंतर पडते. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्याला किमान आठ मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळसे, राउटर आणि घरातील वायफाय यांमुळे तो आकडा कित्येक पट होतो, आणि मोबाइल डेटावर तर तो क्षणाक्षणाला हेलकावे खातो. म्हणून प्रयोगशाळेतच खोटा विलंब घालून खेळावे. लिनक्समध्ये नेटएम आणि विंडोजवर क्लम्सी ही साधने त्यासाठी आहेत. शंभर मिलिसेकंद विलंब आणि शेकडा दोन पाकिटे (माहितीचे तुकडे) गहाळ, एवढ्यावर खेळ सुसह्य असावा.

रूढ शूटरमध्ये विलंबावर तीन उपाय एकत्र वापरतात. आपली हालचाल सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता लगेच दाखवणे हा पहिला उपाय. १९९६ च्या क्वेकवर्ल्डने तो रुजवला. इतरांची हालचाल मुद्दाम थोड्या जुन्या क्षणाची आणि म्हणून सलग दाखवणे, हा दुसरा. आणि गोळी झाडली तेव्हा नेमबाजाला जे दिसत होते त्या क्षणापर्यंत सर्व्हरने मागे जाऊन निवाडा करणे, हा तिसरा. या तिसऱ्या उपायात नेमबाजाचे पारडे नेहमी जड राहते. भिंतीआड गेल्यावरही मेलो, अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते तिचे मूळ येथे आहे.

आता पाटीच्या खेळात हा तिसरा उपाय तसाच उचलला तर काय होईल ते पाहा. चढाईवाल्याच्या पडद्यावर त्याने पाटी ओलांडली, घंटा वाजली, आणि त्यानंतर काही क्षणांनी सर्व्हर सांगतो की तू ओलांडण्याआधीच बाद झाला होतास. ज्या खेळाचा सगळा आनंद एका रेषेवर आहे त्यात हा अन्याय सहन होणार नाही. म्हणून येथे निवाडा उलटा ठेवावा लागेल: पाटी ओलांडण्याचा क्षण सर्व्हरने ठरवावा, ओलांडल्याची घंटा सर्व्हरच्या होकारानंतरच वाजावी, आणि त्या क्षणानंतर पोहोचलेली गोळी बाद धरावी. रक्षकाला याने थोडा तोटा होतो. तो पाटीचा पट्टा जरा रुंद करून भरून काढावा. आधी सांगितलेले जडत्वही येथे उपयोगी पडते. चढाईवाल्याचा देह वळण्याआधी कलतो तो वेळ विलंबाला आपल्यात सामावून घेतो, कारण रक्षकाला जो कल दिसतो तो थोडा उशिरा दिसला तरी प्रत्यक्ष उडीआधीच दिसतो. खेळाचा नियम आणि नेटवर्कचा हिशेब वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत करू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

लबाडीबद्दल थोडक्यात: ज्या खेळाडूला जे दिसायला नको ते त्याच्या संगणकापर्यंत पाठवूच नये. व्हॅलोरंटचा सर्व्हर भिंतीमागच्या शत्रूची जागा शक्यतो शेवटच्या क्षणापर्यंत पाठवत नाही. आपल्या खेळात पट्टे वेगळेच असल्याने हे फारच सोपे जाते.

चाचणीत काय ऐकावे

चाचणीला तीन तऱ्हेची माणसे बोलवावीत: रोज रात्री बीजीएमआय (पबजी मोबाइलचे भारतीय रूप) खेळणारे, मैदानावर खो-खो किंवा आट्यापाट्या खेळलेले, आणि यांपैकी काहीच न केलेले. नियम एका लहान कागदावर लिहून द्यावेत आणि तोंडी एक शब्दही सांगू नये. खेळ आवडला का, हा प्रश्न विचारू नये. मित्र खोटे बोलतात आणि भाऊ-दादा म्हणणारे ज्युनियर तर हमखास बोलतात.

त्याऐवजी त्यांच्या आरोळ्या लिहून घ्याव्यात. पहिल्या डावात सगळे जुनेच ओरडतील: रश कर, कव्हर दे, नॉक झाला, मागे आहे. तिसऱ्या-चौथ्या डावातही तेच ऐकू येत असेल, तर तुमचा नियम त्यांच्या डोक्यापर्यंत गेलेला नाही. ते जुनाच खेळ तुमच्या मैदानावर खेळत आहेत. पण कोणी सूर डावीकडे ओढ, खोटा कल दाखव, याला पाटीवर अडकवून ठेव, असे काही ओरडू लागले आणि शेजारच्याला ते न समजावता कळले, तर नियम रुजला. ही खूण मला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. मुरलेला बीजीएमआय खेळाडू आणि मैदानी खेळाडू यांत कोण लवकर जिंकू लागतो तेही पाहावे. पहिलाच सतत जिंकत असेल तर खेळात नेमाला अजून फार किंमत आहे.

कंटाळा कोठे येतो ते मात्र चेहऱ्यावरून टिपावे लागते. बाद झालेला चढाईवाला फोन काढतो का? काढत असेल तर त्याला त्या वेळात काही काम द्यावे, उदाहरणार्थ पुढच्या डावासाठी धुराच्या जागा निवडणे.

रिकाम्या लॉबीवर उपाय

नागपुरातील छोट्या गटाच्या खेळाला दिवसरात्र खेळाडू मिळणार नाहीत, आणि मिळतील असे गृहीत धरून रचना करणे हे आत्मघातकी आहे. आठ माणसांत पूर्ण होणारा सामना ठरवावा आणि चार माणसे आली तरी उरलेल्या जागा बॉटने, म्हणजे संगणकच चालवतो अशा खेळाडूने भराव्यात. पाटीवर सरकणारा रक्षक हा बॉट म्हणून लिहायला मोकळ्या मैदानातल्या बॉटपेक्षा कितीतरी सोपा आहे. सर्व्हर सदैव चालू ठेवण्याऐवजी आठवड्यातून ठरावीक वेळ जाहीर करावी, समजा शनिवारी रात्री नऊ ते अकरा. विखुरलेले पन्नास जण एकमेकांना कधीच भेटत नाहीत, पण ठरावीक वेळी आलेले पंधरा जण लॉबी जिवंत ठेवतात.

खेळ स्टीमवर ठेवायचा असल्यास एका खेळासाठी शंभर डॉलर शुल्क आहे. त्याआधी इच डॉट आयओवर विनाशुल्क ठेवून पाहावे. गर्दी जमवण्यासाठी प्रवेश फी घेऊन पैशांची बक्षिसे लावण्याचा मोह आवरावा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे मानले आहेत. स्पर्धा घ्यायचीच असेल तर कायद्याचा मजकूर वाचून, जाणकाराला विचारून घ्यावी. शिवाय आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर अचानक बंदी आली होती, हे विसरू नये. एकाच ठिकाणच्या सर्व्हरवर अवलंबून असलेला खेळ कोणाच्याही निर्णयाने नाहीसा होऊ शकतो.

म्हणून प्रकाशित करताना खेळासोबत सर्व्हरचा प्रोग्रामही द्यावा, जो एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर चालेल. नियमांचे आकडे, म्हणजे पाटीची रुंदी, डावाची मिनिटे, जडत्व, धुराचा काळ, हे सर्व प्रोग्राममध्ये न गाडता साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे तो तसा का ठेवला हे मराठीत एका ओळीत लिहावे. परवाना मुक्त निवडावा. नकाशाची फाइल कोणती, सर्व्हर कोणत्या पोर्टवर ऐकतो, बॉट कसे बंद करावेत आणि सूरपाटीवरच्या रक्षकाला बंदूक परत द्यायची असेल तर कोणती ओळ बदलावी, एवढे पहिल्याच पानावर लिहावे. ती शेवटची ओळ कोणीतरी पहिल्याच आठवड्यात बदलून पाहील, आणि त्यातून काय निघते ते त्याच्याकडून ऐकून घ्यावे.